टॉर्च, पॉझिटिव्ह आणि आमची चिमी

परवा रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला. तिला कामठीला दिली आहे, म्हणजे आमच्या कन्हानहून नदी ओलांडली की तिचं घर. एरवी फोन उचलला की आधी "मावशी, आज काय रांधलं?" विचारणारी पोरगी. परवा नुसती मुसमुसत होती. शेवटी कसंबसं म्हणाली, "मावशी, टॉर्च पॉझिटिव्ह आलं माझं."

तिला दुसरा महिना संपत आलाय. संध्याकाळी रिपोर्ट हातात पडला आणि तीन तासांत घरात नुसता गोंधळ. सासूबाईंनी मांजर घराबाहेर काढायचं फर्मान सोडलं. नवऱ्यानं मोबाईलवर वाचून काढलं की बाळ आंधळं होतं. डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी तर आधीच लिहून दिली होती. मी तिला म्हटलं, रडणं थांबव आणि टोक्सोप्लाझ्माच्या समोर काय लिहिलंय ते अक्षर न अक्षर वाच. तिनं वाचलं. आयजीजी पॉझिटिव्ह. आयजीएम निगेटिव्ह.

हुश्श! "बाई गं, याच्याहून चांगला रिपोर्ट तुला मिळूच शकला नसता. जेवलीस का?"

मावशीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार. तिला फोनवर जे पाऊण तास समजावलं तेच आज इथे लिहितेय, कारण आमच्या गोतावळ्यात लग्न झालेल्या पोरी बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीला पाऊण तास फोन करायचा तर माझी बाकीची कामं कोण करणार!

आधी माझी लायकी सांगते, म्हणजे कोणी विचारायला नको. मी डॉक्टर नाही. लग्नानंतर सहा वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचं काम केलं. कोणती ते विचारू नका, ती आता नाहीही. तिथे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, ‘पॉझिटिव्ह’ शब्द आला की तो ठळक करायचा. मी केला. शेकडो बायकांच्या कागदावर केला. त्या ठळक शब्दाचं त्यांच्या घरी काय होत असेल, हे मला तेव्हा सुचलंही नाही.

मग २००७ साली माझ्याच कागदावर तो शब्द आला. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात संपलं. त्यानंतर नागपूरच्या एका दवाखान्यात टॉर्च करायला सांगितलं. टोक्सो आयजीजी पॉझिटिव्ह. "तुमच्या रक्तात मांजरीचे जंतू आहेत, म्हणून मूल टिकत नाही," असं एका वाक्यात निदान. तीन-तीन आठवड्यांचे गोळ्यांचे कोर्स, दर दोन महिन्यांनी पुन्हा तीच टेस्ट, पुन्हा पॉझिटिव्ह, पुन्हा कोर्स. अरे बाबांनो, ती पॉझिटिव्हच येणार होती! एकदा आलेली आयजीजी जन्मभर राहते. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्याची खूण रक्तात राहते, तसंच हे. आंब्याच्या झाडाला दर दोन महिन्यांनी विचारायचं, अजून आंबाच का रे तू, असला प्रकार.

घरात चिमी नावाची मांजर होती, सहा वर्षांची, दिवसभर दळणाच्या डब्यावर झोपणारी. "मांजर ठेवली घरात, म्हणूनच पोट राहत नाही हिचं, मी तं आधीच सांगतलं होतं," हे सासूबाईंचं म्हणणं. त्यांच्यावर आज राग नाही, त्यांना डॉक्टरनंच तसं सांगितलं होतं. दिरांनी चिमीला पोत्यात घातलं, स्कूटरवर पुढे ठेवलं आणि पुलापलीकडे सोडून आले. पोत्यातून ती ओरडत नव्हती, हे मला अजून आठवतं. त्या वर्षी शेजारच्या डोहाळजेवणाचं बोलावणं सासूबाईंना आलं, मला नाही.

पुढे दुसऱ्या एका बाईंनी तो सगळा कागदांचा गठ्ठा चाळला, बाजूला सारला आणि म्हणाल्या, "हे फाईलीतून काढून टाका." २००९ मध्ये मुलगा झाला. धडधाकट आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय. माझी आयजीजी आजही पॉझिटिव्हच असेल. ते दोन गर्भ का गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचीच चूक असते, त्याला ना आई जबाबदार ना मांजर. पण ‘कारण माहीत नाही’ हे वाक्य आपल्याकडे कोणी उच्चारत नाही. काहीतरी ठळक अक्षरात लागतं.

आता माझा मुद्दा. तो एवढाच आहे की ही टेस्ट आपल्याकडे पार उलटी वाचली जाते. जिला या रोगापासून सहसा काही भीती नाही, तिला घाबरवून सोडतात, आणि जिला खरोखर जपायला हवं तिला ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी पाठवतात.

टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी आहे. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेन्दोरे यांना सशात. धनुष्यासारखा बाकदार, म्हणून ग्रीकमधल्या धनुष्याच्या शब्दावरून नाव. धडधाकट माणसात शिरला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, फार तर थोडा ताप, मानेत गाठी. मग तो स्नायूत, मेंदूत बारीक गाठींच्या रूपात झोपून राहतो आणि शरीर त्याच्यावर कायमचा पहारा बसवतं. आयजीजी म्हणजे हा पहारा. गरोदर राहण्याच्या बऱ्याच आधी हे होऊन गेलं असेल तर बाळापर्यंत तो पोचत नाही. अपवाद आहेत, पण ते अत्यंत कमी. एचआयव्ही, अवयव बदललेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, असे. दिवस राहायच्या अगदी थोडं आधी लागण झाली असेल तरीही थोडी जोखीम असते.

खरा घात होतो तो लागण आयुष्यात पहिल्यांदा, ऐन गरोदरपणात झाली तर. तेव्हा पहारा बसायच्या आत परजीवी वारेतून बाळात उतरतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या ६०३ गरोदर बायकांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आईला १३व्या आठवड्यात लागण झाली तर बाळापर्यंत पोचायची शक्यता ६ टक्के, २६व्या आठवड्यात ४०, ३६व्या आठवड्यात ७२. आणि गंमत पहा (गंमत कसली म्हणा), नुकसान याच्या उलट. लवकर पोचला तर गर्भ जाऊ शकतो, डोक्यात पाणी भरू शकतं, मेंदूत चुन्याचे ठिपके पडतात, डोळ्याचा पडदा जळतो. उशिरा पोचला तर बाळ जन्मताना गुटगुटीत, हसरं, आणि डोळ्यातला डाग वर्षानुवर्षांनी बाहेर येतो.

हे पुस्तकातलं नाही. आमच्या नात्यात एक मुलगी आहे. सहाव्या वर्षी शाळेच्या तपासणीत कळलं की डाव्या डोळ्यानं तिला फळ्यावरचं दिसतच नाही. नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावरचा जुना व्रण दाखवला आणि आईला विचारलं, गरोदरपणी टोक्सोची टेस्ट झाली होती का? झाली होती. दुसऱ्या महिन्यात. निगेटिव्ह. तेव्हा घरी सगळ्यांनी हुश्श केलं होतं, मी धरून. मीच म्हटलं होतं तिला, "सुटलीस बाई." निगेटिव्ह म्हणजे पहाराच नाही, दार उघडं आहे, पुढचे सात महिने सांभाळ, हे तिला कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. पुन्हा टेस्ट नाही, भाजी धुण्याविषयी एक शब्द नाही. त्या पोरीचा तो डोळा आता सुधारणार नाही.

आपल्याकडे दार उघडं असलेल्या बायका थोड्याथोडक्या नाहीत. देशभरातल्या मूल होण्याच्या वयातल्या १,४६४ बायकांच्या रक्ताची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आयजीजी पॉझिटिव्ह सुमारे २२ टक्के. दक्षिणेत ३७, पश्चिम भारतात तर जेमतेम ९. म्हणजे बहुसंख्य बायका निगेटिव्ह. आणि आपण सगळे पॉझिटिव्हवाल्यांच्या मागे काठी घेऊन!

बरं, हे टॉर्च आलं कुठून? टोक्सोप्लाझ्मा, इतर, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पीस यांची आद्याक्षरं जोडून अमेरिकेत आंद्रे नहमियास यांनी १९७१ मध्ये हा शब्द रूढ केला, तो नवजात बाळांच्या आजारांचा विचार करताना. गर्भ पडलेल्या आईवर लावायचं ते यंत्र नव्हतंच. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईची टॉर्च तपासणी निरुपयोगी आहे, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं २००३ मध्येच लिहून ठेवलंय. माझं निदान झालं त्याच्या चार वर्षं आधी!

त्यातल्या रुबेलाची तर कमालच. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीची मोहीम झाली, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना शाळेशाळेत टोचलं. त्या पोरी आता लग्नाच्या झाल्यात, काहींची झालीही. त्यांचा रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह येणार, येायलाच हवा, त्यासाठीच तर सुई टोचली. आणि तो कागद घेऊन कोणीतरी रडत बसणार. भाचीच्या रिपोर्टात तोही ठळकच होता.

"पण आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर?" हा भाचीच्या नवऱ्याचा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. आयजीएम ताज्या लागणीची खूण मानतात, पण ती महिनोन् महिने, कधी वर्षापेक्षाही जास्त रेंगाळते, आणि कधी खोटीच येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९७ मध्ये डॉक्टरांना जाहीर इशारा दिला होता की एकट्या आयजीएमवर विसंबू नका. कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या प्रयोगशाळेकडे बाहेरून आयजीएम पॉझिटिव्ह म्हणून आलेल्या ८११ गरोदर बायकांची फेरतपासणी झाली, तेव्हा दहातल्या सहाजणींची लागण ताजी नव्हतीच. तो निष्कर्ष नीट समजावून सांगितल्यावर विनाकारण होणारे गर्भपात निम्म्यावर आले. हे २००१ मध्ये छापून आलंय. निम्म्यावर आले, म्हणजे त्याआधी होत होते. हवीहवीशी, चांगली असू शकणारी बाळं एका ठळक शब्दापायी गेली. आपल्याकडे अशी किती गेली असतील, या विचारानं मला कधी कधी झोप लागत नाही, कारण टाइप करणारे हात माझे होते.

आयजीएम आलं तर पुढची पायरी आहे, अ‍ॅव्हिडिटी. पहिल्या तीन महिन्यांत ही टेस्ट केली आणि ‘हाय’ आली, तर लागण चार महिन्यांपूर्वीची, म्हणजे दिवस राहायच्या आधीची. विषय संपला. ‘लो’ आली तरी लगेच हातपाय गाळायचे नाहीत, तीही बरेच महिने रेंगाळते. लागण खरंच ताजी ठरली तर स्पायरामायसिन देतात, अठराव्या आठवड्यानंतर गर्भजलाची तपासणी करतात आणि बाळापर्यंत पोचली असेल तर वेगळी औषधं आहेत. म्हणजे इलाज आहे, फक्त तो जिला हवा तिला द्यायचा. फ्रान्समध्ये १९७८ पासून लग्नाआधी टेस्ट व्हायची (ती सक्ती आता नाही), आणि १९९२ पासून निगेटिव्ह बायकांची दर महिन्याला टेस्ट होते. दर महिन्याला, आणि निगेटिव्ह बायकांची! आपण पॉझिटिव्हवालीची दर दोन महिन्यांनी करतो. ब्रिटनमध्ये सरसकट तपासतच नाहीत, सगळ्यांनाच खाण्यापिण्याची काळजी घ्यायला सांगतात. दोन्हीत काही विचार तरी आहे.

आता मांजर. मी काही मांजरीची वकील नाही. या परजीवीची खरी वीण मांजरीच्याच आतड्यात होते, हे खरंय. पण मांजर आयुष्यात पहिल्यांदा बाधित झाली की एक ते तीन आठवडे तिच्या विष्ठेतून त्याची अंडी पडतात, नंतर सहसा नाही. तीही ताजी असताना बाधत नाहीत, एक ते पाच दिवस पिकावी लागतात. म्हणजे मातीचा डबा रोज दुसऱ्या कोणी साफ केला आणि मांजरीला कच्चं मांस घातलं नाही, तर प्रश्न मिटला. चिमी सहा वर्षांची होती. तिचे ते तीन आठवडे केव्हाच होऊन गेले असतील. युरोपातल्या सहा शहरांत गरोदर बायकांना लागण कशानं झाली ते शोधलं, २०००चा अभ्यास. अर्धकच्च्या मांसाचा वाटा ३० ते ६३ टक्के, मातीचा ६ ते १७. घरच्या मांजरीचा संबंध दिसला नाही.

आपल्याकडे सावजी मटण कोणी अर्धकच्चं खात नाही, रस्सा तासभर रटरटतो, त्यात काही जिवंत राहणं शक्य नाही. गफलत होते ती त्याच्या आधी. रविवारी मटण धुणारी, कापणारी तीच बाई, आणि त्याच विळीवर, त्याच हातानं ती वरून घालायला सांबार चिरते, कांदा-काकडीची कोशिंबीर करते. (पुणेकर नातेवाइकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीवालं नव्हे.) वाडीतून आलेला मुळा मातीसकट नुसता झटकून खाल्ला जातो. शेळीचं दूध निरसं पाजतात, गुणकारी म्हणून. आणि डोहाळे! भिंतीची ओली माती चोरून खाणाऱ्या किती गर्भारणी मी पाहिल्यात, आणि घरचे कौतुकानं हसतात. पिकलेली अंडी त्या मातीत कित्येक महिने टिकतात. पाण्यातही टिकतात, क्लोरीनला दाद देत नाहीत. कोइम्बतूरमध्ये २००४-०५ च्या सुमारास डोळ्याच्या टोक्सोची साथ आली होती, २४८ रुग्णांची नोंद झाली, संशय नगरपालिकेच्या पाण्यावर होता. कॅनडातल्या व्हिक्टोरियात १९९५ मध्येही तसंच. पाणी उकळायला काय लागतं?

लॅबमधले एक जुने सहकारी मला म्हणतात, "टेस्ट केली तर बिघडलं काय? पेशंटलाच हवी असते." बिघडलं ते वर लिहिलंय. दोन-अडीच हजार रुपये खाणीतल्या किंवा फॅक्टरीतल्या कंत्राटी कामगाराच्या घरातून जातात, त्याबद्दल मी बोललेच नाही अजून. टेस्ट करायची तर करा, माझी हरकत नाही. पण मग निगेटिव्ह बाईला समोर बसवून पाच मिनिटं बोला. ती पाच मिनिटं कोणत्याच पॅकेजमध्ये नसतात, आणि खरी किंमत त्यांचीच आहे.

असो. भाचीला म्हटलं, गोळ्या माझ्या सांगण्यावरून बंद करू नकोस. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एवढंच विचार: आयजीएम निगेटिव्ह आहे, तर मग या गोळ्या कशासाठी? मांजर कुठे आहे विचारलं. "न्हाणीघरात कोंडलंय." म्हटलं, आधी त्याला बाहेर काढ.

फोन ठेवता ठेवता ती सहज बोलून गेली, "माझ्यासोबत एकजण बसली होती ना मावशी, पहिलटकरीणच आहे, आमच्याच गल्लीतली. तिचं सगळं निगेटिव्ह आलं. किती लकी ना! ती तर घरी पेढे घेऊन गेली."

तिचा नंबर घेतलाय. उद्या सकाळी फोन करणार आहे. विळीपासून सुरुवात करीन म्हणते.